गिरिवास आणि खराटा

स्वदेश सोडून परमुलुखात वसलेल्या ख्रिस्ती मंडळीने वर्षातून काही दिवस आपला नित्याचा कारभार बाजूस सारावा, डोंगरावर किंवा सरोवराच्या काठी एकत्र मुक्काम करावा, एकत्र चालावे, एकत्र प्रार्थना करावी आणि त्या सहवासातून आपला समुदाय अधिक दृढ करून माघारी फिरावे, ही चाल आज जगभर इतकी रूढ झाली आहे की तिलाही काही इतिहास असेल, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. आखाती देशांत, सिंगापुरात किंवा इंग्लंडात नोकरीनिमित्त राहणाऱ्या भारतीय ख्रिस्ती कुटुंबांनाही अशी शिबिरे परिचयाची आहेत. या चालीची पाळेमुळे मात्र बरीच खोल गेलेली असून, त्यांतील एक आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावर, दुसरे दक्षिण आफ्रिकेतील नाताळ भागात आणि तिसरे कुमाऊँच्या एका सरोवराकाठी सापडते. या तिन्ही स्थळांचा मागोवा घेऊ लागले म्हणजे एक प्रश्न वारंवार समोर उभा राहतो: परस्परांना अनोळखी असलेली माणसे एकजीव होतात ती कशाने? रम्य स्थळाने, सामुदायिक उपासनेने, की याहून निराळ्या आणि कमी शोभिवंत अशा कशाने?

या इतिहासाचा आरंभ भक्तीपेक्षा भीतीतून झाला, हे प्रथमच सांगितले पाहिजे. इ. स. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले आणि पुढे ‘अमेरिकन मराठी मिशन’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या संस्थेचा पाया त्यांनी घातला. परंतु पटकी, हिवताप आणि अतिसार यांनी त्या लहानशा जथ्याची जी वाताहत केली, ती पाहता हे काम टिकले हेच आश्चर्य होय. स्वतः हॉल १८२६ मध्ये नाशिककडील दौऱ्यावर असताना वाटेतच पटकीने मृत्यू पावले. तेव्हा त्यांचे वय जेमतेम एकेचाळीस वर्षांचे होते. अशा स्थितीत १८२९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार करून, वाईजवळच्या खंडाळे गावाच्या मोबदल्यात महाबळेश्वरचा माथा कंपनी सरकारकडे घेतला, आणि तेथे आजारी गोऱ्या अंमलदारांसाठी माल्कम पेठ वसवली, तेव्हा त्या थंड हवेचा लाभ मिशनऱ्यांनीही घेतला यात नवल नाही. ॲलन ग्रेव्ह्ज हे मिशनरी प्रकृतीच्या कारणाने तेथेच राहू लागले, धर्मग्रंथाच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी डोंगरावरूनच चालू ठेवले, आणि १८४३ साली तेथेच त्यांचे देहावसान झाले. सह्याद्रीच्या माथ्यावरील हा मुक्काम म्हणजे सहवासाची योजना मुळीच नव्हती; तो मृत्यूपासून मिळवलेला काही काळाचा अवकाश होता.

मदुरेच्या अमेरिकन मिशनची कथाही याच वळणाची आहे. १८३४ मध्ये स्थापन झालेल्या या मिशनमधील माणसे पहिल्या दहा वर्षांत आजारांनी इतकी खंगली की, त्यांनी प्रथम जवळच्या सिरुमलै डोंगरावर आश्रयाची तजवीज करून पाहिली. परंतु तापाने तेथेही पाठ सोडली नाही. मग पळणी पर्वताच्या सुमारे सात हजार फूट उंचीच्या पठारावर १८४५ मध्ये त्यांनी दोन बंगले बांधले, आणि त्या दोन बंगल्यांपासून आजचे कोडईकॅनॉल उदयास आले. पुढची कित्येक दशके वर जायला गाडीरस्ता नव्हता. प्रवासी घोड्यावर बसून, खुर्चीत बसून अथवा मजुरांच्या खांद्यावरील डोलीतून घाट चढत, आणि त्यांचे सामान डोक्यावर घेऊन हमालांची रांग मागून येई. या हमालांकडे वाचकाने दुर्लक्ष करू नये, कारण पुढे आपल्याला ज्या मुद्द्याकडे जावयाचे आहे, त्याचा आरंभ त्यांच्या डोक्यावरील ओझ्यात आहे.

आरोग्यासाठी एकत्र येणाऱ्या माणसांनी कालांतराने एकत्र येण्यालाच प्रयोजन मानावे, हे मनुष्यस्वभावाला धरून झाले. वर्षाचे दहा महिने एखाद्या तालुक्याच्या गावी एकाकी काढणारा मिशनरी डोंगरावर आला म्हणजे त्याला आपली भाषा बोलणारी माणसे भेटत, मुलांना सवंगडी मिळत, निरनिराळ्या पंथांचे उपदेशक एका व्यासपीठावर बसत, आणि गेल्या वर्षीच्या अपयशाची व पुढील वर्षाच्या मनसुब्यांची मोकळी चर्चा होई. याच सुमारास इंग्लंडच्या सरोवरप्रदेशात, केझिक या गावी, तेथील धर्मगुरू हार्फर्ड-बॅटर्सबी यांनी १८७५ मध्ये तंबू ठोकून एक धार्मिक मेळावा भरवला, आणि तो दरवर्षी भरू लागला. पंथभेद विसरून सर्वांनी ख्रिस्ताच्या ठायी एक व्हावे, हे त्या मेळाव्याचे ब्रीद होते. केझिकची ही पद्धत मिशनऱ्यांबरोबर जगभर पसरली. जपानात मूळचे कॅनडाचे अलेक्झांडर क्रॉफ्ट शॉ १८८६ मध्ये कारुइझावा येथे उन्हाळ्यासाठी जाऊन राहिले आणि त्यांच्यामागून मिशनऱ्यांची वस्तीच तेथे उभी राहिली. चीनमध्ये एडवर्ड सेल्बी लिटल यांनी १८९५ मध्ये लूशान पर्वतावर जमीन पट्ट्याने घेऊन कूलिंग वसवले. एकोणिसावे शतक संपता संपता आशियातील जवळजवळ प्रत्येक मोठ्या मिशनक्षेत्राला आपला असा एक डोंगर लाभला होता.

या गिरिवासाने पुष्कळ चांगले घडवले, हे नाकारणे अन्यायाचे होईल. पंथापंथांतील दुरावा कमी झाला, शाळा निघाल्या, रुग्णालयांच्या योजना आखल्या गेल्या, खचलेली मने सावरली. परंतु एकत्वाचे जे ब्रीद त्या मेळाव्यांच्या मंडपावर झळकत असे, ते मंडपाच्या पाठीमागे असलेल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचत नव्हते. गोऱ्या मिशनऱ्यांचा सहवास घडत होता तो खानसामा, भिस्ती, धोबी आणि मेहतर यांच्या श्रमांवर. आणि ज्या देशबांधवांत शुभवर्तमान सांगण्यासाठी ही माणसे समुद्र ओलांडून आली होती, त्यांच्यातील शिकलेले उपदेशकदेखील या डोंगरी कुटुंबात क्वचितच बरोबरीने सामावले जात. एडिंबरो येथे १९१० साली भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरय्या या तरुण तमिळ धर्मोपदेशकाने हे शल्य उघडपणे मांडले. पाश्चात्त्य मिशनऱ्यांनी हिंदुस्थानासाठी धन दिले, देहही झिजवले, हे कृतज्ञतेने मान्य करून त्यांनी अखेरीस मागणी केली ती केवळ मैत्रीची. दोनच वर्षांनी हेच अझरय्या दोर्नकलचे बिशप झाले आणि अँग्लिकन पंथात तो अधिकार मिळालेले पहिले भारतीय ठरले. मैत्रीची ही मागणी कशाने पुरी होणार होती, त्याचे उत्तर मात्र परिषदेच्या दप्तरात सापडण्यासारखे नव्हते. ते आधीच एका निराळ्या दिशेने, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, वाट चालू लागले होते.

नाताळ भागात, डर्बनपासून थोड्या अंतरावर, फ्रान्झ फानर या ऑस्ट्रियन मठाधिपतीने १८८२ मध्ये मारियनहिल नावाचा मठ स्थापन केला होता. हे साधू ट्रॅपिस्ट पंथाचे, म्हणजे मौन, शाकाहार आणि अंगमेहनत ही तीन व्रते कडकडीत पाळणारे असून, मुख्यतः जर्मन भाषा बोलणाऱ्या प्रदेशांतून आलेले होते. परक्या भूमीवर त्यांनी शेती केली, लोहारकाम, सुतारकाम, चर्मकाम आणि छपाई यांचे कारखाने उभारले, आणि काही वर्षांतच तो जगातील सर्वांत मोठा ट्रॅपिस्ट मठ झाला. १८९५ मध्ये डर्बनला वकिली करणारे पंचवीस वर्षांचे मोहनदास गांधी हा मठ पाहण्यास गेले. तेथे मठातला कोणी माणूस कष्टाला कमीपणाचे समजत नाही आणि काळ्या माणसाला गोऱ्याहून हीन वागणूक मिळत नाही, ही गोष्ट त्यांच्या मनावर इतकी ठसली की लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या नियतकालिकात त्यांनी त्यावर प्रशंसापर लेख लिहिला. पुढे १९०४ मध्ये त्यांनी डर्बनजवळ फिनिक्स येथे वसाहत स्थापन केली, तिला तात्कालिक प्रेरणा रस्किनच्या ग्रंथाची होती हे प्रसिद्धच आहे. परंतु सामुदायिक श्रमजीवनाचे प्रत्यक्ष दर्शन त्यांना त्यापूर्वी नऊ वर्षे मारियनहिलला घडलेले होते.

हा संबंध केवळ तर्काचा नाही. १९१० मध्ये सत्याग्रही कुटुंबांच्या निर्वाहासाठी जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवर टॉलस्टॉय फार्म सुरू झाले, त्यासाठी गांधींचे जर्मन-ज्यू मित्र हर्मन कॅलनबाख यांनी आपली अकराशे एकर जमीन विनामोबदला दिली. तेथे चपला करण्याची विद्या लागली तेव्हा कॅलनबाख ती शिकण्यासाठी मारियनहिलच्या साधूंकडेच गेले. त्यांच्याकडून ती गांधी शिकले आणि गांधींकडून इतर. फार्मवर हिंदू, मुसलमान, पारशी आणि ख्रिस्ती, गुजराती, तमिळ आणि उत्तर हिंदुस्थानी अशी नाना प्रकारची माणसे होती, आणि ती सर्वच्या सर्व मायदेशापासून हजारो मैल दूर होती. नोकर एकही नव्हता. दळण, स्वयंपाक, सुतारकाम यांबरोबरच मैला काढून मातीखाली पुरण्याचे कामही वसाहतीतील माणसेच करीत, आणि जोहान्सबर्गला खासगी कामासाठी जावयाचे झाल्यास ते एकवीस मैल पायी तोडावे लागत. शेजारच्या माणसाचा धर्म कोणता आणि मातृभाषा कोणती, हे प्रश्न अशा दिनक्रमात आपोआप मागे पडत.

गांधी १९१५ मध्ये हिंदुस्थानात परतले आणि शांतिनिकेतनात काही दिवस राहिले, तेव्हा त्यांनी तेथील शिक्षक-विद्यार्थ्यांपुढे हाच प्रयोग ठेवला. स्वयंपाकापासून सफाईपर्यंतचे काम त्यांनी स्वतः उचलावे, असे सुचवले. नित्यक्रम म्हणून तो प्रयोग तेथे टिकला नाही, पण दरवर्षी १० मार्चला नोकरांना सुट्टी देऊन सगळी कामे शिक्षक-विद्यार्थ्यांनीच करण्याची प्रथा मात्र ‘गांधी पुण्याह’ म्हणून चालू राहिली.

महाराष्ट्राच्या भूमीतही या सुमारास अशीच तळमळ ख्रिस्ती समाजात प्रकट होत होती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, त्यामागे बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनी, परकीय मिशनच्या तनख्याचा आधार न घेता, एका भारतीय बंधुसमाजात राहावे ही कल्पना होती. १९१९ मध्ये टिळकांचा अंत झाल्यामुळे ती फुलली नाही. परंतु त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो हे इंग्रज मिशनरी त्या विचाराने भारले गेले होते. त्यांनी १९२२ मध्ये अहमदनगर येथे ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. पुढे त्याचा आश्रम पुण्यास शिवाजीनगर भागात आला. इंग्रज आणि भारतीय बंधूंनी बरोबरीच्या नात्याने राहावे, खादी नेसावी, जमिनीवर बसून भारतीय अन्न खावे, पावसाळ्यात आश्रमात अध्ययन करावे आणि उघडीप झाल्यावर गावोगाव फिरावे, असा त्यांचा क्रम होता. पुढे आदिवासींचे अभ्यासक म्हणून कीर्ती पावलेले व्हेरियर एल्विन हे १९२७ मध्ये याच संघातून हिंदुस्थानात आले. त्या काळच्या इंग्रजाने पुण्यात खादी घालून मांडी घालून जेवायला बसणे, हे किती मोठे स्थित्यंतर होते, याची कल्पना त्या शहरातील छावणीचा दिमाख ज्यांनी वाचला-ऐकला आहे, त्यांनाच नीट येईल.

या सर्व प्रवाहांचा संगम सातताल येथे झाला. एली स्टॅन्ली जोन्स हे अमेरिकेच्या मेरिलँड प्रांतातील मेथडिस्ट उपदेशक १९०७ मध्ये हिंदुस्थानात आले आणि लखनौ व सीतापूर येथे काम करू लागले. अतिश्रमाने त्यांची मनःशक्ती पहिल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा खचली, आणि प्रत्येक वेळी त्यांना पहाडाचा आश्रय घ्यावा लागला. म्हणजे डोंगरावर जाण्याचे ते जुने कारण त्यांच्याही वाट्याला आलेच होते. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हिंदी मार्गावरील ख्रिस्ताविषयीच्या पुस्तकाने त्यांचे नाव जगभर झाले. १९२८ मध्ये त्यांची बिशपपदी निवड झाली असता त्यांनी ते पद नाकारले. साबरमती व शांतिनिकेतन येथे राहून त्यांनी आश्रमजीवन जवळून पाहिले होते. या सर्व अनुभवांचे फळ म्हणून १९३० मध्ये त्यांनी, इंग्लंडहून आलेल्या निवृत्त मिशनरी एथेल टर्नर आणि युनस सिन्हा हे भारतीय पाळक यांच्यासह, नैनिताल जिल्ह्यातील सातताल येथे ख्रिस्ती आश्रम सुरू केला. काठगोदामपर्यंत आगगाडी, तेथून वर भीमतालचा रस्ता, आणि मग बांज व चीड यांच्या दाट अरण्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फुटांवर, राम, लक्ष्मण, सीता, गरुड, नल-दमयंती अशी पौराणिक नावे धारण करणारी सरोवरे: असे हे स्थळ आहे. उन्हाळ्यात तेथे अमेरिकन, इंग्रज आणि नाना प्रांतांचे भारतीय जमत, आणि ख्रिस्ती नसलेल्यांनाही तेथे मज्जाव नव्हता.

आश्रमाचा दिनक्रम बारकाईने योजलेला होता. आल्यावर प्रत्येकाने आपली पदवी बाजूला ठेवावी. बिशप असो वा डॉक्टर, तेथे तो केवळ ‘बंधू’ आणि ती केवळ ‘भगिनी’. स्वतः जोन्स सर्वांचे ‘ब्रदर स्टॅन्ली’ होते. आरंभीच्या सभेत प्रत्येकाने तीन प्रश्नांची उत्तरे सर्वांसमोर द्यावयाची: तू का आलास, तुला काय हवे आहे, आणि तुला खरी गरज कशाची आहे. पहाटे एकांतात मनन, मग सामुदायिक उपासना, नंतर अंगमेहनत, मग चर्चा; आणि आठवड्यातील एक दिवस मौनाचा. सहवासाचा मुख्य नियम असा की, कोणाविषयी तक्रार असल्यास ती त्याच्या पाठीमागे न बोलता समोरासमोर आणि प्रेमाने बोलावी. मतभेद राहिले तरी चालतील, परंतु प्रेम आणि सेवा यांत खंड पडता कामा नये, असे तेथील भिंतीवरच लिहून ठेवलेले होते.

परंतु सातताल येथील सर्वांत मोठी गोष्ट दर आठवड्याच्या सुट्टीची होती. त्या दिवशी नोकरांना रजा दिली जाई आणि त्यांची सर्व कामे आश्रमवासी आपसांत वाटून घेत. आणि त्या कामांत मेहतराचे काम, म्हणजे संडास साफ करण्याचे कामही असे. यादी मांडली जाई आणि जो तो आपणहून आपले नाव घाली. मूळच्या ब्राह्मण घराण्यातील एका ख्रिस्ती बंधूने बाकी सर्व कामे आनंदाने केली, पण त्या एका कामासमोर त्याचे नाव काही लागेना; तेव्हा जोन्स यांनी त्यास विचारले असता, आपले मनःपरिवर्तन झाले आहे खरे, पण अजून तितक्या थरापर्यंत ते पोचलेले नाही, असे त्याने प्रांजळपणे सांगितले. जोन्स ही हकीकत पुढे आयुष्यभर सांगत असत. मला त्या उत्तरात एका माणसाचा संकोच दिसत नाही, तर सहस्र वर्षांची समाजरचना एका प्रामाणिक वाक्यात बोललेली दिसते. आणि तिच्यासमोर ठेवलेला खराटा हा कोणत्याही प्रवचनापेक्षा अधिक खोलवर जाणारा प्रश्न होता. तो प्रश्न केवळ ब्राह्मणाला नव्हता. अमेरिकेतून आलेल्या गोऱ्या माणसालाही तो तितक्याच तीव्रतेने विचारला जात होता, कारण त्याच्या देशातही काही कामे काही कातड्यांच्या माणसांसाठीच राखून ठेवलेली होती.

अशा सहवासाकडे तत्कालीन सरकार संशयाने पाहत असे, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. ब्रिटिशेतर मिशनऱ्यांकडून राजनिष्ठेची लेखी हमी घेतल्याखेरीज त्यांना कामाची मुभा मिळत नसे. मदुरेच्या त्याच जुन्या अमेरिकन मिशनमधील राल्फ कैथान यांना १९३० मध्ये देश सोडावा लागला, कारण गांधीजींचे पत्र व्हाइसरॉयला पोचवणाऱ्या रेजिनाल्ड रेनल्ड्स या इंग्रज तरुणाचा त्यांनी पाहुणचार केला होता. जोन्स यांनाही महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात परतण्याचा परवाना मिळाला नाही. पण त्या सक्तीच्या दूरवासापूर्वीच एक विलक्षण गोष्ट घडून चुकली होती. १९४० मध्ये मिशिगन प्रांतातील सॉगटक येथे जोन्स यांनी सातताल येथील पद्धतीचा आश्रम भरवला आणि त्यापाठोपाठ अमेरिकेत असे आश्रम ठिकठिकाणी भरू लागले. काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवणाऱ्या जागी आश्रम भरवायचा नाही, हा त्यांचा आग्रह होता. त्याच्या सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या देशाने आपले उपदेशक हिंदुस्थानात पाठवले, त्याच देशाला हिंदुस्थानातील एका डोंगराने अशा रीतीने एकत्र राहण्याचा धडा परत पाठवला.

आज समूहबांधणीच्या नावाने जी मैदानी शिबिरे होतात, त्यांतील दोरावरून चालणे, तराफा बांधणे, अवघड कडा चढणे इत्यादी प्रकारांची वंशावळ मात्र निराळी आहे. जर्मनीतून परागंदा होऊन ब्रिटनमध्ये आलेले शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी जहाजव्यवसायी लॉरेन्स होल्ट यांच्या साहाय्याने १९४१ मध्ये वेल्समधील ॲबरडोव्ही येथे एक शाळा काढली. युद्धात बुडणाऱ्या जहाजांवरील तरुण खलाशांना संकटात तग धरता यावा, हा तिचा हेतू होता. त्या शिक्षणातून ही पद्धत पुढे शाळांत, कारखान्यांत आणि चर्चच्या शिबिरांत शिरली. ती निंद्य मुळीच नाही. एकमेकांच्या हाती दोर देऊन कडा उतरल्याने विश्वास वाढतो, हे खरेच आहे. पण कडा उतरणे हे गौरवाचे काम असते. ते करणाऱ्याला टाळ्या मिळतात. ज्याला टाळ्या मिळत नाहीत आणि ज्याचा प्रत्येकाला कंटाळा असतो, असे काम वाटून घेताना माणसाची जी परीक्षा होते, ती कड्यावर होत नाही.

म्हणून परदेशी वसलेल्या कोणत्याही मंडळीने, ती कोणत्याही धर्माची वा भाषेची असो, असे शिबिर योजताना स्थळ, वक्ते आणि खेळ यांच्या आधी एका गोष्टीची तजवीज करावी, असे मला मनापासून वाटते: भांडी कोण घासणार, संडास कोण धुणार आणि या कामांतून कोणाला सूट आहे, याची यादी सर्वांसमक्ष करावी, आणि त्या यादीत पाळकाचे नाव सर्वांत वर असावे. मायदेशी आपण ज्या जातींत, ज्या प्रतिष्ठेत आणि ज्या अहंतेत वाढलो, ती सामानाबरोबर समुद्रापलीकडे जातच असते. प्रार्थनेत ती शांत बसते, खेळात ती लपते, पण खराटा हाती येताच ती उघडी पडते. मारियनहिलच्या साधूंनी, टॉलस्टॉय फार्मवरच्या सत्याग्रहींनी आणि सातताल येथील बंधुभगिनींनी तिला त्याच ठिकाणी गाठले. सहवास त्यांना फळला तो हवेने नव्हे, तर एकमेकांसाठी केलेल्या हलक्या समजल्या जाणाऱ्या कामाने. आणि ते काम करण्यासाठी डोंगरच हवा असे नाही, एवढे एकदा पटले म्हणजे त्या शिबिराचे सार्थक झाले.